हजेरीपटावरचे नाव

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागविल्या, तेव्हा अपेक्षेहून कितीतरी अधिक मजकूर आमच्याकडे आला. पहाटेची वंदना, हौदावरची आंघोळ, पातळ वरणात कुस्करलेली भाकरी, वीज गेली की कंदिलाभोवती बसून केलेला अभ्यास, गावाकडून येणाऱ्या मनिऑर्डरची वाट पाहणे, हे सारे वाचताना आमचेही डोळे पाणावले. त्यांत एकाच तुकडीतील अकरा जणांचे लेख होते आणि त्या अकरांपैकी सात लेखांत एक मुलगा पुन्हा पुन्हा भेटत होता. तो पंगतीत बसला की वाढप्यांची कशी तारांबळ उडे, कबड्डीत तो अंगावर पडल्यावर कोणाचा हात कसा मुरगळला, स्नेहसंमेलनात लोभी सावकाराची भूमिका दरवर्षी त्यालाच कशी मिळे, हे सर्व मोठ्या रसाने लिहिलेले होते. सातही लेख मायेने लिहिलेले होते. सातही लेखांत त्याचा उल्लेख ‘ढोल्या’ असा होता. त्याचे नाव मात्र एकाही लेखात नव्हते.

आम्ही त्या सातही जणांना दूरध्वनी केला. सहा जणांना नाव आठवेना. सातव्याला आडनाव आठवले, तेही अंदाजाने. पाच वर्षे एका खोलीत, एका सतरंजीवर झोपलेल्या मित्राचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर कार्यालयातील जुने जनरल रजिस्टर काढले, तेव्हा ते सापडले. धम्मदीक्षेनंतरच्या पिढीने आपल्या मुलांना जी नावे मोठ्या अभिमानाने ठेवली, त्यांपैकीच ते एक सुंदर नाव होते. आम्ही त्या गृहस्थांचा पत्ता शोधला. ते आज दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीस आहेत. आजवर एकाही माजी विद्यार्थी मेळाव्यास ते आलेले नाहीत. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “दहावीनंतर अंग उतरलं होतं माझं. पण एस.टी. स्टँडवर कुणी भेटलं की तीच हाक. एकदा तर माझ्या मुलासमोर. म्हणून येत नाही, सर.”

त्यानंतर संपादक मंडळाने सातही लेखांतून तो शब्द काढून टाकला. तीन लेखकांना ते रुचले नाही. एकाने रागाने लिहिले की, ते आमच्या प्रेमाचे नाव होते. ते काढून तुम्ही आमच्या आठवणींतला जीव काढून घेतला. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. भरलेल्या शरीरासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. लहान मूल असेल तर ते गुटगुटीत, बाळसेदार. तेच मूल दहा वर्षांचे झाले की जाडा, ढब्बू, भोपळा. तरुण कष्टकरी असेल तर अंगापिंडाने मजबूत, दणकट. शहाणपणाविषयी शंका असेल तर आडदांड. पैसेवाला असेल तर खात्यापित्या घरचा. मुलगी लग्नाची असेल तर ‘अंगाने जरा जास्तच’ आणि परिचयपत्रात ‘मध्यम बांधा’. शरीर तेच, शब्द मात्र वय, पैसा आणि स्त्री-पुरुष हा भेद पाहून बदलतो. म्हणजे हे शब्द शरीराचे वर्णन करीत नाहीत. बोलणाऱ्याने त्या व्यक्तीला कोणती जागा दिली आहे, ते सांगतात.

त्यातही आपल्या भाषेची एक खोड ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘जाड मुलगा’ असे म्हटले तर त्यात निदान मुलगा शिल्लक राहतो. ‘जाड्या’ म्हटले की मुलगा जातो आणि केवळ जाडी उरते. काळ्या, बुटक्या, लंगड्या, तोतऱ्या ही सगळी याच साच्यातली. माणसाच्या शंभर गुणांतून एक वेचायचा, त्याला एक प्रत्यय लावायचा आणि उरलेले नव्व्याण्णव पुसून टाकायचे. आपल्या आजोबा-पणजोबांना या साच्याची ओळख करून देण्याची गरज नव्हती. त्यांच्या जातीच्या नावाला एक ‘ड’ जोडून गावाने त्यांना हाक मारली होती. तो ‘ड’ ज्यांनी ऐकला, त्यांच्या नातवंडांनी वसतिगृहात आपल्याच भावंडाला ‘ढोल्या’ म्हणावे, हे आम्हांला सहज सोडून देण्याजोगे वाटत नाही. दोन्ही अपमान सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. जातीच्या शिवीमागे उपासमार होती, बहिष्कार होता, मारहाण होती. परंतु माणसाचे नाव हिरावून घेण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. आपल्या समाजात भरलेले अंग ही बहुकाळ लाजेची नव्हे, आनंदाची गोष्ट होती. १९७२ च्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या घरी सुटीत आलेल्या मुलाकडे पाहून आई म्हणे, “अंग धरलंस रे बाबा.” मूल बारीक दिसले तर तिचा जीव तुटे, रोडावलास, वाळलास, असे म्हणत ती भाकरीवर तेलाची धार धरी. मराठीत ‘तब्येत सुधारली’ याचा एक अर्थ आजही ‘वजन वाढले’ असाच आहे. ज्या भाषेने आरोग्य आणि भरलेले अंग यांना एकच शब्द दिला, तिने भूक पाहिली होती. तेव्हा जे म्हणतात की आमच्या तोंडी तो शब्द तिरस्काराचा नव्हता, त्यांचे म्हणणे आम्ही खोटे मानत नाही. अर्धपोटी मुलांच्या त्या खोलीत एक मुलगा अंगाने भरलेला होता. त्याच्याविषयी कुतूहल होते, थोडा हेवा होता, थोडी मायाही होती. पण आईचे ‘अंग धरलंस’ आणि मित्रांचे ‘ढोल्या’ यांत एक फरक आहे. आई अंगाविषयी बोलत होती आणि हाक नावाने मारीत होती.

प्रेमाने मारलेली हाकही माणसाला झाकून टाकते, याचे उदाहरण अवघ्या देशाला परिचित आहे. उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात पोरकेपणी वाढलेली उमादेवी ही मुलगी गाण्याच्या ओढीने मुंबईस आली. १९४७ साली ‘दर्द’ चित्रपटातील तिच्या गाण्याने ती देशभर पोहोचली. पुढे विनोदी भूमिकांकडे वळल्यावर तिला ‘टुणटुण’ हे नाव मिळाले आणि ते इतके पसरले की गल्लीतल्या प्रत्येक भरल्या अंगाच्या मुलीला तीच हाक मारली जाऊ लागली. आज टुणटुण सर्वांस ठाऊक आहे. गायिका उमादेवी फार थोड्यांस. तिने ते नाव स्वतः हसत स्वीकारले असेल. ज्या शाळकरी मुलींवर ते नंतर लादले गेले, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केला आहे काय? केला आहे, आणि तोही नेमकेपणाने. सम्यक वाचेत असत्य, चहाडी, कठोर भाषण आणि व्यर्थ बडबड ही चारही वर्ज्य मानली आहेत, हे आपण परिपाठात लहानपणी शिकलो. पण विनयपिटकात याहून तपशिलाचा नियम आहे. पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविषयीचा आहे. त्याच्या विवरणात अपमानाची दहा निमित्ते सांगितली आहेत. पहिले निमित्त जाती. त्यानंतर नाव, गोत्र, काम, कारागिरी, रोग आणि मग शरीराचे रूप: फार उंच, फार ठेंगणा, फार काळा, फार गोरा. एकाच यादीत, एकाच नियमाखाली, जात आणि शरीर शेजारी शेजारी बसविलेले आहेत. याउलट चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिउंच, अतिठेंगणा, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल, अतिकृश अशा आठ शरीरांना ‘निंदित’ म्हटले आहे. वैद्याचा हेतू चिकित्सेचा होता, हे मान्य. तरीही ज्या रूपांना एका ग्रंथाने निंदित ठरविले, त्यांतल्याच काही रूपांवरून निंदा करणे दुसऱ्या ग्रंथाने दोष ठरविले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

याच नियमाच्या निमित्ताने नंदिविसाल बैलाची कथा सांगितलेली आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने पैज लावली की आपला बैल शंभर गाड्या एकदम ओढील. गाड्या जोडल्यावर त्याने बैलाला लबाड म्हणून हाकारले. बैल जागचा हलला नाही आणि ब्राह्मण हजार नाणी हरला. पुढे त्याने गोड शब्दांनी हाक मारली, तेव्हा त्याच बैलाने त्याच शंभर गाड्या ओढल्या. मुलांना आपण ही कथा सांगतो ती बैलाच्या शक्तीची म्हणून. खरे पाहता ती हाकेची कथा आहे.

भद्दिय थेरांची गोष्टही अशीच. ते ठेंगणे आणि दिसण्यास कुरूप होते; बरोबरीचे भिक्खू त्यांना हिणवीत. भगवंतांनी त्या भिक्खूंसमोरच भद्दियांची थोरवी सांगितली आणि मधुर आवाजाच्या भिक्खूंमध्ये त्यांना अग्रस्थान दिले. एवढे होऊनही ‘लकुण्डक’, म्हणजे ठेंगणा, हे विशेषण ग्रंथांत आजही त्यांच्या नावाला चिकटलेले आहे. एकदा लागलेली हाक किती टिकते, याचा याहून मोठा पुरावा आम्हांला माहीत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. वजन वाढणे हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध आहे. मग गोड बोलून आपण मुलांपासून सत्य लपवायचे काय? नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे आढळले; त्याच वेळी सुमारे १९ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने फार कृश होत्या. दोन्ही टोके आपल्याच वस्त्यांत, कधी एकाच घरात आहेत. तेव्हा वजनाविषयी बोललेच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत बोलावे, हा.

वैद्यकाचे शब्दही दगडावरची रेघ नव्हेत, हे लक्षात ठेवावे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात, त्याचे मूळ बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामात आहे. ते माणसांच्या समूहाचा अभ्यास करीत होते, एकट्या माणसाचा निवाडा नव्हे. १.६० मीटर उंचीच्या आणि ६४ किलो वजनाच्या माणसाचा निर्देशांक बरोबर २५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मापाने तो ‘अधिक वजना’च्या उंबरठ्यावर आहे, २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी सहमतीने ठरविलेल्या मापाने तो ‘लठ्ठ’ ठरतो. आपल्याकडे कमी वजनातही मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून हा फरक केला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे एवढे स्पष्ट होते की ‘लठ्ठ’ हा शब्द सावधगिरीसाठी आखलेली रेषा आहे, माणसाची जात नव्हे. मुलांच्या बाबतीत तर वय आणि लिंग यांनुसार वेगळे तक्ते लागतात; प्रौढांचे आकडे त्यांना लावताच येत नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली आपल्या सदस्यांना मुलांशी बोलताना ‘वजन’ यासारखे साधे शब्द वापरण्याचा आणि डाग लावणारे शब्द टाळण्याचा सल्ला दिला. कारण उघड आहे. चिडविलेले मूल मैदानावर जात नाही, ते कोपऱ्यात बसते. लाजेने वजन उतरत नाही. लाजेने मूल डॉक्टरांकडे जाणे टाळते. आमच्या एका माजी गृहपाल ताईंनी सांगितले की नववीतली एक मुलगी सकाळच्या प्रार्थनेत घेरी येऊन पडली. चौकशीअंती कळले की मेसच्या रांगेत कोणीतरी तिच्या ताटाकडे पाहून काही बोलले होते आणि महिनाभर ती रात्रीचे जेवत नव्हती.

भगवंतांनी स्वतः हा विषय कसा हाताळला, ते संयुत्त निकायात पाहावयास मिळते. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भाताचे जेवण जेवून धापा टाकीत त्यांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याच्या पोटाविषयी एक अक्षर काढले नाही. भोजनात मात्रा ओळखणाऱ्या माणसाचे दुखणे कमी होते, आयुष्य सांभाळले जाते, अशा आशयाची गाथा तेवढी म्हटली. राजाने आपल्या सेवेतील सुदस्सन या तरुणाला ती पाठ करावयास सांगितली आणि जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. हळूहळू तो नाळीभर भातावर आला आणि भगवंतांची आपल्यावर किती करुणा आहे, असे उद्गार त्याने काढले. सत्य सांगितले गेले, लपविले गेले नाही. पण ते अन्नाविषयी होते, रूपाविषयी नव्हते. आणि आठवण करून देणारा माणूस राजाने स्वतः निवडला होता.

हा ‘स्वतः निवडला’ मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९३८ साली मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात आणण्याचा प्रश्न आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. तो शब्द शिवी नव्हता. देणाऱ्यांच्या मते तो गौरवाचाच होता. आक्षेप होता तो ज्यांचे नाव ठरवायचे त्यांनाच न विचारण्याला. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथरच्या तरुणांनी ‘दलित’ हा शब्द छाती पुढे काढून धारण केला आणि आपल्यापैकी अनेकांनी तोही बाजूस ठेवून ‘बौद्ध’ एवढेच सांगणे पसंत केले. दोन्ही निवडी आदरणीय आहेत, कारण त्या आपल्या होत्या. अमेरिकेतही १९६९ पासून अशी संघटना आहे, जिचे सदस्य आपल्या शरीराचे वर्णन करणारा तिथला रोखठोक शब्द स्वतःहून अभिमानाने वापरतात. तेव्हा उद्या एखादी मुलगी म्हणाली, “मी जाडी आहे आणि मला तसे म्हणण्यात काही वाटत नाही,” तर तो तिचा अधिकार आहे. तिच्या त्या वाक्याने आपल्याला मात्र परवाना मिळत नाही.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनास आणि गृहपालांस आमची नम्र सूचना आहे. वर्गात, मैदानावर आणि पंगतीत मुलाला हजेरीपटावरच्या नावानेच हाक मारावी. शिक्षकांनी तर अपवाद म्हणूनही टोपणनाव उच्चारू नये, कारण शिक्षकांच्या तोंडून आलेले टोपणनाव दुसऱ्या दिवशी शाळाभर होते. दरमहा उंची-वजन घेताना आकडा सर्वांसमोर मोठ्याने पुकारू नये. तो मुलाला आणि पालकांना वेगळा कळवावा. वाढप्याने ताटात काय आणि किती, यावर शेरा मारू नये. स्नेहसंमेलनात सावकार कोण होणार, हे अभिनय पाहून ठरावे, पोट पाहून नव्हे. पालकांनीही सुटीत आलेल्या मुलाचे स्वागत ‘काय रे, केवढा सुटलास’ या वाक्याने करू नये. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. लागते ती केवळ जिभेवर थोडी सजगता, जी आपण पंचशीलाच्या चौथ्या शीलात रोज ग्रहण करतो.

ज्या तीन मित्रांना राग आला, त्यांना आम्ही एवढेच विचारतो: तुमचे प्रेम खरे आहे, मग ते प्रेम त्याच्या नावाने व्यक्त व्हायला काय हरकत आहे? तुमच्या आठवणींतला जीव आम्ही काढलेला नाही. वाढप्यांची तारांबळ आहे, कबड्डी आहे, सावकारही आहे. शब्द गेला आहे, आणि त्या जागी एक माणूस आला आहे. आम्हीही या दोषातून मुक्त नाही. आमच्यापैकी काही जण त्याच काळात या शाळेत होते आणि ती हाक आम्हीही मारली होती. हा लेख म्हणूनच उपदेशाचा नाही. तो थोडासा कबुलीजबाब आहे.

सातही लेखांत आता त्या गृहस्थांचे खरे नाव आहे. ते छापण्यास त्यांनी संमती दिली, पण एक विनंती केली: पूर्वी काय म्हणत असत, ते कोठेही लिहू नका, कंसातही नको. वरील मजकुरात तो शब्द आला आहे तो त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने, आणि त्यांच्या नावापासून दूर ठेवून. स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची तुकडीवार यादी आहे, तीतही त्यांचे नाव इतरांसारखेच, कोणतीही खूण न करता छापले आहे. ते कोणते, हे आम्ही येथे सांगणार नाही. त्या तुकडीच्या मित्रांनी यादी सावकाश वाचावी. आगामी मेळाव्याचे निमंत्रण त्यांना त्याच नावाने गेले आहे आणि या वेळी येतो, असे त्यांनी कळविले आहे.